संगणक विभागातील विंडोज परवाने: प्रकल्प नोंदी, ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२५

सोमवार, ४ ऑगस्ट

प्राचार्य मॅडमनी बोलावून दोन कागद हातात दिले. विंडोज १० ला मिळणारे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार, हे सांगणारं एक कात्रण. दुसरं एका विक्रेत्याचं कोटेशन: ३२ पीसी, ३२ व्हॉल्यूम (संस्थांना ठोक दिले जाणारे) परवाने, सगळ्यांना मिळून एकच किल्ली (विंडोज ॲक्टिव्हेट करायचा २५ अक्षरी कोड), "एका दिवसात सर्व ॲक्टिव्हेट करून देऊ". खालचा आकडा पाहून लेखापाल काकांनी चष्मा काढून ठेवला होता.

मॅडमचा प्रश्न एवढाच, की एवढे लागतात का? मी म्हटलं, आपल्याकडे आधी काय आहे ते मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. "मग मोजा," म्हणाल्या. म्हणून हे काम आणि म्हणून ही वही.

डेड स्टॉक रजिस्टरप्रमाणे (कॉलेजच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही) पसारा असा: प्रयोगशाळेत २४ (त्यांतले १४ पीसी २०२१ साली घेतलेले, १० पीसी २०१४ चे), कार्यालय आणि परीक्षा विभाग मिळून ५, ग्रंथालयात ३. कोणत्या पीसीसोबत विंडोजचा परवाना आला होता आणि कोणत्या नाही, याचा रजिस्टरमध्ये एक शब्द नाही. "संगणक संच, नग १४" असं लिहिलंय. कीबोर्ड-माऊस वेगळे दाखवलेत, पण विंडोज कुठेच नाही.

बुधवार, ६ ऑगस्ट

तिसऱ्या वर्षाची दोन मुलं मदतीला घेतली. प्रत्येक पीसीवर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडायचा आणि दोनच गोष्टी बघायच्या.

पहिली, एसएलएमजीआर /डीएलव्ही ही विंडोजच्या परवान्याची कमांड (टाइप अर्थात रोमन अक्षरांत). ही एक लांबलचक खिडकी उघडते. त्यात आवृत्ती कोणती, किल्ली कोणत्या 'चॅनल'ची, किल्लीची शेवटची पाच अक्षरं आणि परवान्याची स्थिती हे सगळं असतं. नुसतं 'विंडोज इज ॲक्टिव्हेटेड' वाचून समाधान मानणाऱ्यांनी ही खिडकी एकदा तरी बघावी. खरी माहिती चॅनलच्या ओळीत असते. 'ओईएम डीएम' म्हणजे किल्ली पीसीच्या कंपनीने मदरबोर्डात लिहून दिलेली. 'रिटेल' म्हणजे दुकानातल्या बॉक्सची, किंवा डिजिटल परवाना. 'व्हॉल्यूम एमएके' आणि 'व्हॉल्यूम केएमएस क्लायंट' या संस्थांना ठोक दिल्या जाणाऱ्या. ज्या संस्थेने कधी ठोक परवाने घेतलेच नाहीत तिथे व्हॉल्यूम दिसलं की समजायचं, कुणीतरी हात मारलाय.

दुसरी गोष्ट, मदरबोर्डात मुळात किल्ली आहे का? विंडोज ८ पासून कंपन्या किल्लीचं स्टिकर लावण्याऐवजी ती बोर्डाच्या फर्मवेअरमध्ये (बोर्डातच कायम राहणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये), 'एमएसडीएम' नावाच्या तक्त्यात ठेवतात. पॉवरशेलमधून सॉफ्टवेअर लायसन्सिंग सर्व्हिसकडे 'ओए३एक्स ओरिजिनल प्रॉडक्ट की' मागितली की ती अख्खी समोर येते. वर काय बसवलंय याच्याशी तिचा संबंध नाही. वर चोरीचं विंडोज असो नाहीतर लिनक्स, बोर्डातली किल्ली जागेवरच असते.

मुलांना सक्त ताकीद: मोबाइलने फोटो काढायचा नाही, रजिस्टरमध्ये फक्त शेवटची पाच अक्षरं लिहायची. अख्खी किल्ली कागदावर उतरली की ती आपली राहत नाही.

सोमवार, ११ ऑगस्ट

मोजणीतून जे निघालं ते आधी कुणाला पटेना.

२०२१ च्या १४ पैकी ९ पीसींवर चॅनल 'व्हॉल्यूम केएमएस क्लायंट'. म्हणजे चोरीचं. आणि त्याच नऊच्या नऊ पीसींच्या बोर्डात विंडोज १० प्रोची खरी, पैसे भरलेली किल्ली शांतपणे बसलेली! झालं असं असणार: जुन्या देखभालवाल्याने एका पीसीवर 'सगळं टाकलेलं' विंडोज तयार केलं, त्याची प्रतिमा (अख्ख्या डिस्कची नक्कल) काढली आणि लॅबभर ओतली. त्याचे दोन तास वाचले. आपण विकत घेतलेल्या वस्तूवर चोरीची वस्तू घालून चार वर्षं बसलो.

मुलांपैकी एकाने विचारलं, "सर, पण अपडेट तर येत होते की." येतात. या क्रॅकची (खोटं ॲक्टिव्हेशन करणाऱ्या प्रोग्रामची) युक्ती समजून घेण्यासारखी आहे. केएमएस ही मायक्रोसॉफ्टचीच अधिकृत सोय. मोठ्या संस्थेत एक सर्व्हर ठेवायचा, आतले सगळे पीसी त्याच्याकडे १६८८ क्रमांकाच्या पोर्टवर हजेरी लावतात आणि १८० दिवसांची मुदत घेऊन जातात. दर सात दिवसांनी पुन्हा विचारतात, म्हणजे मुदत पुढे सरकत राहते. क्रॅक काय करतो, तर पीसीच्या आतच एक खोटा सर्व्हर उभा करतो किंवा बाहेरच्या कुणाच्या तरी सर्व्हरचा पत्ता घालतो. पीसीला वाटतं, आपण संस्थेतच आहोत. हे पकडायचं तर /डीएलव्हीच्या खिडकीत केएमएस यंत्राचं नाव बघा. आमच्याकडे तिथे १२७ ने सुरू होणारा, म्हणजे स्वतःचाच पत्ता होता. एसएलएमजीआर /एक्सपीआर दिली तर 'कायमचं' म्हणण्याऐवजी मुदतीची तारीख येते.

मला या चोरीपेक्षा जास्त खटकलं ते डिफेंडरचं, म्हणजे विंडोजमधल्याच व्हायरस पकडणाऱ्या प्रोग्रामचं. डिफेंडर अशा क्रॅकला 'हॅकटूल' म्हणून पकडतो, म्हणून त्या माणसाने तो फोल्डर डिफेंडरच्या वगळलेल्या यादीत घातलेला. चार वर्षं तिथे कुणीही काहीही आणून ठेवलं असतं तरी पहारेकरी तिकडे बघणार नव्हता. या पीसींवर मुलं परीक्षेचे अर्ज भरतात, त्यांचे आधार क्रमांक, बँक खाती टाकतात.

उरलेल्या ५ पैकी ४ ठीक, ओईएम डीएम. एकावर ॲक्टिव्हेशन नाहीच, त्याची वेगळी नोंद करतो.

मंगळवार, १२ ऑगस्ट

२०१४ चे दहा. यांच्या कॅबिनेटवर विंडोज ७ प्रोची स्टिकरं, निम्मी झिजलेली. नऊंवर आज विंडोज १० प्रो चालतंय. आज मदतीच्या मुलांपैकी एक धावत आला: "सर, नऊच्या नऊ पीसींवर एकच किल्ली! शेवटची पाच अक्षरं सगळीकडे ३व्ही६६टी."

घाबरण्याचं कारण नाही, उलट हे नऊ पीसी सगळ्यांत स्वच्छ. विंडोज ७ आणि ८.१ वरून १० वर फुकट जाण्याची मायक्रोसॉफ्टची योजना २९ जुलै २०१६ पर्यंत होती. त्या काळात जो पीसी वर गेला त्याला स्वतःची अशी किल्ली मिळालीच नाही. त्याच्या हार्डवेअरचा, मुख्यतः मदरबोर्डाचा, ठसा मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदला गेला. तोच परवाना. पीसीवर दिसते ती सर्वांना सारखीच असलेली, नुसती जागा भरणारी किल्ली, प्रोसाठी तिचा शेवट ३व्ही६६टी. त्या किल्लीने नुसतं काहीच ॲक्टिव्हेट होत नाही, सर्व्हरवर ठसा असला तरच होतं.

दहावा पीसी त्या वेळी बंद पडलेला होता, म्हणून अजून विंडोज ७ वरच. योजना संपल्यावरही पुढे सात वर्षं जुन्या किल्ल्या चालत होत्या. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती वाट बंद केली. आता त्या स्टिकरचा उपयोग भिंतीला.

तसाही प्रश्न परवान्याचा नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० (पीसीतली सुरक्षेची सोय) लागतं, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. हे चौथ्या पिढीचे आय३. परवाना शाबूत आणि यंत्र निवृत्त, अशी गत.

सोमवार, १८ ऑगस्ट

कार्यालय. इथे पाचपैकी चार ब्रँडेड, चारांवरही क्रॅक केलेलं विंडोज १० प्रो. बोर्डात मात्र 'होम सिंगल लँग्वेज'ची खरी किल्ली. भारतात ब्रँडेड पीसी-लॅपटॉपवर हीच आवृत्ती सर्रास येते, स्वस्त पडते म्हणून. कुणाला तरी वाटलं, 'होम' म्हणजे घरचं, कार्यालयात 'प्रो'च हवं. आणि प्रो घातलं. चोरून.

वरिष्ठ लिपिक मॅडमनी रास्त शंका काढली. "आपलं जुनं मराठी टायपिंगचं श्रीलिपी होतं, त्याचं ते पीसीला खोचायचं लॉक असायचं. ज्या पीसीला लॉक लावू तिथे चालायचं. हे तसं नाही का? ही किल्ली काढून त्या पीसीला लावा." त्यांना सांगितलं ते इथेही लिहून ठेवतो, कारण हा प्रश्न प्रत्येक विभागात येणार. श्रीलिपीचं लॉक हातात धरता यायचं, म्हणून परवाना लॉकसोबत फिरायचा. दुकानातून बॉक्समध्ये घेतलेलं रिटेल विंडोज बरंचसं तसं आहे, एका पीसीवरून काढून दुसऱ्यावर टाकता येतं. पण पीसीसोबत आलेलं ओईएम विंडोज म्हणजे लॉक बोर्डाला वेल्डिंग करून दिलेलं. बोर्ड मेला की तेही गेलं.

त्या म्हणाल्या, "म्हणजे भंगारात दिलेल्या आठ पीसींबरोबर आठ विंडोजही गेली?" गेली.

या चार पीसींना प्रोची खरंच गरज आहे का, ते तपासलं. डोमेनला (सगळे पीसी एका सर्व्हरच्या ताब्यात ठेवणाऱ्या जाळ्याला) जोडायचंय? कॉलेजात डोमेनच नाही. बाहेरून रिमोट डेस्कटॉपने यात शिरायचंय? नको, कृपा करा. टॅली, शिष्यवृत्तीचं पोर्टल, वर्ड, एक्सेल, छपाई. होम पुरे. अडचण एकच: प्रोवरून होमवर उतरायला सरळ जिना नाही, सगळं पुसून नव्याने टाकावं लागतं. टॅलीचा डेटा, जुने मराठी फॉन्ट, प्रिंटरचे ड्रायव्हर यांची यादी मॅडमकडून लिहून घेतली. जुन्या श्रीलिपीतली पत्रं आहेत, ते फॉन्ट विसरलो तर पंधरा वर्षांचा पत्रव्यवहार चिनी दिसेल.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

ग्रंथालयाचे तीन, तिन्ही असेंबल केलेले. बोर्डात किल्ली नाही, बॉक्स नाही, बिलात विंडोज नाही. ग्रंथपाल सरांनी कपाटातून एका ऑनलाइन खरेदीची छापील प्रत काढली: तीन किल्ल्या, प्रत्येकी तीन-चारशेच्या घरात, ईमेलने आलेल्या. त्यांचं म्हणणं, "आम्ही विकत घेतलंय, पावती आहे."

तिन्हींची कुंडली मांडली. एक निघाली व्हॉल्यूम एमएके, म्हणजे जगातल्या कुठल्या तरी संस्थेला ठोकात दिलेली किल्ली, तिथून फुटलेली. दुसरी ओईएम सीओए, म्हणजे कुणाच्या तरी कॅबिनेटवरच्या स्टिकरवरून उतरवलेली. तिसरीवर मागच्या वर्षीपासून कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज'चं पाणचिन्ह, आणि पुन्हा प्रयत्न केला की सी००४सी००३ हा कोड. याचा अर्थ मायक्रोसॉफ्टने ती किल्ली बाद केली. पहिल्या दोन आज चालताहेत, उद्याचं सांगता येत नाही.

ग्रंथपाल सर दुखावले. मी समजू शकतो. किल्ली टाकली, हिरवी खूण आली, पावती आहे, आणखी काय हवं? पण सर्व्हर एवढंच बघतो की ही किल्ली खरी आहे का आणि तिची मर्यादा संपलीय का. ती विकण्याचा हक्क विकणाऱ्याला होता का, हे तो विचारत नाही. ॲक्टिव्हेशन झालं म्हणजे परवाना मिळाला, हा समज या तीन पीसींनी मोडला. आणि लॅबच्या नऊ पीसींनी उलट बाजू दाखवली: परवाना होता, ॲक्टिव्हेशन मात्र खोटं.

चहाच्या वेळी एका ज्येष्ठ सरांनी जुन्या दिवसांची आठवण काढली. विंडोज ९५ ची सीडी, तिच्या कव्हरवर स्केचपेनने लिहिलेली किल्ली, आणि तीच अख्ख्या जिल्ह्यात. ते खरंच तसं होतं, कारण ती तपासणी निव्वळ अंकगणित होती: शेवटच्या सात अंकांची बेरीज सातने भागली गेली की पास, आकडे नुसते एक-एक भरले तरी चालत. पीसी कुणाला फोन करून विचारत नव्हता. २००१ मध्ये एक्सपी आलं तेव्हापासून घराघरांतल्या विंडोजला मायक्रोसॉफ्टकडून होकार आणावा लागू लागला. मोठ्या संस्थांच्या किल्ल्यांना त्यातून सूट होती, आणि नेमकी तशीच एक किल्ली एक्सपी बाजारात येण्याआधीच फुटली. २००२ च्या सर्व्हिस पॅक १ या मोठ्या अपडेटने ती नाकारली. सर म्हणाले, "तरीच तेव्हा सर्व्हिस पॅक टाकू नका असं सगळे सांगायचे!"

सोमवार, २५ ऑगस्ट

गणपतीच्या सुट्टीआधी मॅडमबरोबर बैठक. विक्रेत्याचं कोटेशन आणि आपली मोजणी शेजारी ठेवली.

विक्रेत्याचा मुद्दा: ठोक परवाना घ्या, एक किल्ली, कटकट संपली. त्यावर तीन आक्षेप मांडले. एक, केएमएस आपल्याला लागूच पडत नाही. त्यासाठी किमान २५ पीसींनी हजेरी लावावी लागते, तोवर सर्व्हर कुणालाच होकार देत नाही. विंडोज ११ चालेल असे आपले पीसी २२. दोन, एमएके चालेल, पण त्या किल्लीला मोजकीच ॲक्टिव्हेशन असतात आणि विंडोज पुन्हा टाकलं की त्यातून वजा होत जातात. लॅबमध्ये दर सत्राला विंडोज पुन्हा टाकायची आपली सवय बघता ते परवडणारं नाही. शिवाय एमएकेवर किती ॲक्टिव्हेशन मिळतात आणि आपण किती परवाने घेतले, हे दोन आकडे जुळतीलच असं नाही. किल्लीने परवानगी दिली म्हणून जास्त पीसींवर टाकायला आपण मोकळे नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत महत्त्वाचा, आणि कोटेशनमध्ये त्याचा उल्लेख नव्हता. विंडोजचा ठोक परवाना हा 'अपग्रेड' परवाना असतो. पीसीवर आधीच पात्र असं मूळ विंडोज असेल तरच तो लागू होतो. म्हणजे ज्या पीसींना मुळात परवाना नाही, नेमक्या त्याच असेंबल पीसींना हा परवाना पुरत नाही. किल्ली तिथे मुकाट्याने चालेल, हिरवी खूणही येईल, पण कागदावर ते पीसी होते तसेच बेकायदा. आणि ज्यांना तो चालतो त्यांना बहुतेक गरजच नाही. ३२ परवान्यांचे पैसे देऊन मूळ दुखणं जिथल्या तिथे राहिलं असतं.

मॅडमनी कायद्याचं विचारलं. स्वामित्वहक्क कायदा १९५७, कलम ६३ब: बेकायदा प्रत आहे हे माहीत असून संगणकावर वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड. नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करून ५०,००० पर्यंत दंडावर भागवू शकतं. "माहीत असून" या शब्दांपाशी मॅडम थांबल्या. माझा मोजणीचा कागद समोरच होता. आता माहीत नाही असं म्हणायची सोय उरलेली नाही.

ठरलं ते असं. २०२१ चे १४: बोर्डातल्या किल्लीवर स्वच्छ विंडोज ११ प्रो. कार्यालयातले ४: बोर्डातल्या किल्लीवर होम सिंगल लँग्वेज. २०१४ चे १०: लिनक्स मिंट २२, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली. ग्रंथालयातले २ पीसी फक्त पुस्तकं शोधायला ब्राउझरपुरते, तेही मिंटवर. उरले दोनच: ग्रंथालयाचा देवघेवीचा पीसी (बारकोडचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं) आणि परीक्षा विभागाचा असेंबल पीसी. त्यांच्यासाठी अधिकृत विक्रेत्याकडून विंडोज ११ प्रोचे २ रिटेल बॉक्स.

जुन्या दहांसाठी विंडोज १० चे वाढीव सुरक्षा अपडेट विकत घ्यायचा पर्यायही पाहिला. शिक्षणसंस्थांना पहिल्या वर्षी पीसीमागे १ डॉलर, मग २, मग ४, असा फारच स्वस्त दर आहे. तीही शेवटी एक एमएके किल्लीच, एसएलएमजीआरनेच टाकायची. पण तीन वर्षांनी त्या यंत्रांना चौदा वर्षं होतील. सी, पायथन, जावाची प्रात्यक्षिकं लिनक्सवर अडत नाहीत. सोडून दिला.

सोमवार, ८ सप्टेंबर

विसर्जन झालं, लॅब रिकामी. विंडोज ११ ची आयएसओ (स्थापनेची अख्खी फाइल) एकदाच उतरवून पेनड्राइव्ह केले. सगळ्या पीसींना एकाच वेळी नेटवरून ओढायला लावलं तर कार्यालयाचं पोर्टल बंद पडतं आणि शिव्या आपल्याला.

नऊ क्रॅकवाल्या पीसींवर मुलांनी सुचवलं की /यूपीकेने किल्ली काढू, /सीकेएमएसने खोट्या सर्व्हरचा पत्ता पुसू, बोर्डातली किल्ली टाकू, झालं. ॲक्टिव्हेशनपुरतं ते खरं आहे. पण ज्या माणसाने डिफेंडरला डोळे मिटायला लावले त्याने आणखी काय मागे ठेवलं असेल त्याचा भरवसा नाही. डिस्क पूर्ण पुसूनच नवीन.

स्थापना करताना किल्ली विचारलीच नाही. इन्स्टॉलरने बोर्डातली किल्ली वाचली, आवृत्ती प्रो आहे हे स्वतःच ठरवलं आणि नेट लागताच ॲक्टिव्हेट झालं. मुलांना हे जादूसारखं वाटलं. कार्यालयातल्या चार पीसींवरही असंच, तिथे न विचारता होम सिंगल लँग्वेज बसलं. लिपिक मॅडमना मेनूही मराठीत हवे होते. सिंगल लँग्वेजमध्ये दुसरी प्रदर्शन-भाषा सरळ जोडता येत नाही, नावातच आहे. टायपिंगला मात्र कसलीच आडकाठी नाही. इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही मराठी कीबोर्ड लावून दिले. फॉन्टही आले, जुनी पत्रं वाचता येताहेत.

एक पीसी अडला. ॲक्टिव्हेशन होईना, ब्राउझरमध्ये प्रत्येक साइटवर प्रमाणपत्राची बोंब. घड्याळ काही वर्षं मागे. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपला होता. तारीख चुकली की सुरक्षित जोडणीच होत नाही, मग सर्व्हरशी बोलणार कसा. सेल बदलला, तारीख लावली, मिनिटभरात झालं.

सोमवार, १५ सप्टेंबर

१४ मधला तो वेगळा पीसी. कोड सी००४एफ२१३: यंत्रावर किल्ली सापडत नाही. बोर्डातला एमएसडीएम तक्ताच नाही. देखभालीच्या फायलीत उत्तर मिळालं, २०२३ मध्ये मदरबोर्ड बदललेला.

ट्रबलशूटरमध्ये 'मी नुकतंच हार्डवेअर बदललं' असा पर्याय असतो, पण तो चालायला आधीचा परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेला लागतो. लॅबच्या पीसीला कोण खातं जोडतं? आणि ओईएम परवाना नव्या बोर्डावर हक्काने येतो तो फक्त बोर्ड सदोष म्हणून बदलला असेल तर. म्हणून बिल महत्त्वाचं. बदल वॉरंटीत, पीसीच्या कंपनीनेच केलेला. म्हणजे परवाना आपलाच, बदलताना नव्या बोर्डात किल्ली लिहायची राहून गेली. कंपनीला जॉबशीटचा फोटो आणि पीसीचा अनुक्रमांक पाठवून तक्रार नोंदवली.

बुधवार, २४ सप्टेंबर

कंपनीचा अभियंता आला, पेनड्राइव्हवरून बूट करून बोर्डात किल्ली लिहिली, विंडोज नव्याने टाकलं, ॲक्टिव्हेट झालं. सही घेऊन गेला. त्या जॉबशीटच्या दोन प्रती काढून एक फायलीत लावली. २०२३ चा कागद कुणी फेकला असता तर आज एक बॉक्स जास्त घ्यावा लागला असता.

मिंटचं काम मुलांनी जवळजवळ स्वतःच उरकलं. तिथे लिहिण्यासारखं काही घडलं नाही. मिंट २२ ला अपडेट २०२९ पर्यंत मिळणार आहेत.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

काल दसरा. दोन्ही बॉक्स आल्यावर रजिस्टरात चढवले, मग उघडले. लेखापाल काका बॉक्स हलवून म्हणाले, "आत काही आहे का नाही?" किल्ली छापलेलं कार्ड आणि एक पेनड्राइव्ह.

किल्ली २५ अक्षरांची, पाचाचे पाच गट. वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवली की निम्मे घोळ टळतात: या किल्ल्यांत शून्य, एक आणि पाच हे आकडे नसतात, आणि ए, ई, आय, एल, ओ, एस, यू, झेड ही अक्षरंही नसतात. गोल दिसलं तर ते क्यू, डी किंवा जी. एस वाटलं तर ते आठ. खरा गोंधळ होतो बी आणि आठचा, जी आणि सहाचा, कारण दोन्ही असू शकतात. तिथे भिंग लावायचं.

ग्रंथालयाचा पीसी सुटला. आधी बायॉसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) टीपीएम चालू करावं लागलं. असेंबल बोर्डांवर ते इंटेल पीटीटी नावाने असतं आणि बरेचदा बंदच.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

परीक्षा विभागाचा पीसी. गुणांचं काम याच्यावर चालतं, म्हणून तो नेटला जोडायचा नाही असा विभागाचा नियम, आणि तो मला मान्य आहे. विंडोज ११ ची स्थापना नेटसाठी हटून बसते. स्थापनेच्या प्रश्नांची उत्तरं आधीच भरलेली उत्तर-फाइल पेनड्राइव्हवर ठेवून स्थानिक खात्यावर पुढे गेलो.

किल्ली एसएलएमजीआर /आयपीकेने टाकली. मग /डीटीआय. यावर पीसी ६३ अंकी स्थापना-क्रमांक दाखवतो, सात-सात अंकांचे नऊ गट. तो फोनवर मायक्रोसॉफ्टच्या स्वयंचलित व्यवस्थेला द्यायचा होता. मी वाचत होतो, परीक्षा विभागाचे मामा फोनची बटणं दाबत होते. सातव्या गटाशी बाहेर घंटा झाली आणि आम्ही दोघंही गट हरवून बसलो, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी पलीकडून ४८ अंक आले, सहा-सहाचे आठ गट. ते उलट दिशेने: मी ऐकून लिहिले, मामांनी वाचले, मी /एटीपीपुढे टाकले. 'कायमचं ॲक्टिव्हेटेड'. मामा म्हणाले, "एवढे आकडे तर हॉल तिकिटावर पण नसतात."

कागदावर उतरलेले दोन्ही क्रमांक पाकिटात घालून बॉक्ससोबत तिजोरीत. त्यानंतर /सीपीकेवाय दिली, म्हणजे रजिस्ट्रीतून किल्ली पुसली जाते आणि कुठल्याही 'किल्ली दाखवा' छाप प्रोग्रामला ती काढता येत नाही. ॲक्टिव्हेशनला धक्का लागत नाही. ग्रंथालयाच्या पीसीवरही तेच केलं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

मोजणी पुन्हा केली. ३२ पैकी विंडोज ११ वर २०, मिंटवर १२. विकत घेतले २.

डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नवे रकाने आखले: आवृत्ती, चॅनल, किल्लीची शेवटची पाच अक्षरं, परवाना राहतो कुठे (बोर्डात की बॉक्समध्ये), दुसरीकडे नेता येतो का, बिल वा जॉबशीट क्रमांक. पीसी भंगारात काढताना तिसऱ्या आणि पाचव्या रकान्यावर माझी सही असल्याशिवाय काढायचा नाही, असं मॅडमनी परिपत्रक काढलं. नव्या देखभाल करारातही एक ओळ घातली: बोर्डात असलेल्या आवृत्तीशिवाय दुसरं विंडोज टाकायचं नाही, प्रतिमा ओतायची नाही.

कोटेशनवाल्या विक्रेत्याचा दुपारी फोन आला होता, शेवटची तारीख आहे म्हणून. पुढच्या वर्षी नवे पीसी घ्यायचे आहेत, तेव्हा बिलावर विंडोजची आवृत्ती वेगळ्या ओळीत लिहून द्या, असं सांगितलं.

राहिलंय ते: मिंटवरून तळमजल्याच्या प्रिंटरला दोन्ही बाजूंनी छपाई होत नाही, ड्रायव्हर बघायचा. दोन बॉक्सच्या बिलाचा क्रमांक रजिस्टरमध्ये चढवायचा, लेखापाल काका रजेवरून आले की.